शिवेवरचा पांगुळगाडा

मी एक जुना पांगुळगाडा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारख्याच कुणाला तरी धरून उभे राहिले असतील आणि धावता येऊ लागताच त्याला विसरूनही गेले असतील. त्यात तुमचा काही दोष नाही. मूल चालू लागले की पांगुळगाडा माळ्यावर जातो, ही जगाची रीतच आहे आणि ती मला मान्य आहे. पण मला माळ्यावर जायच्या आधी गावाबाहेर जावे लागले. मला देवीचा गाडा केले, या गावाने त्या गावाकडे ढकलले, आणि सबंध कल्याण तालुक्यात माझ्याएवढे एकटे तेव्हा कोणी नव्हते.

माझा जन्म ठाकुर्लीच्या बाजूच्या एका लहानशा गावात झाला. गावातले लोक पावसाळ्यात भात लावत आणि उन्हाळ्यात मिठागरावर राबत. गावाच्या अगदी टोकाला परशुराम सुताराचे घर होते. नांगर, बैलगाडीची चाके, होडीच्या फळ्या, सगळे तोच करी. त्याला एकच मुलगी, तुळसा. दोन पावसाळे उलटले तरी ती उभी राहीना. कुठे जायचे झाले की बसल्या बसल्या सरकत जाई. पाणवठ्यावर बायका तिच्या आईला, लक्ष्मीला, ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "सुताराची पोर पांगली हाय गो."

परशुरामाने ते ऐकले आणि त्या दिवशी पाटलाचा नांगर बाजूला ठेवून त्याने मला करायला घेतले. एका जुन्या दाराचे सागवान घेतले, बाभळीची तीन चाके केली. हाताला लाकडाची कूस लागू नये म्हणून माझी आडवी दांडी तो काचेच्या तुकड्याने घासत बसला. पुढच्या चाकाला त्याने मुद्दाम खाचा पाडल्या आणि वर एक पट्टी बसवली. चाक फिरले की पट्टी खाचांवर आपटे आणि टकटक आवाज होई. लक्ष्मी चुलीपाशी असली तरी पोर कुठवर गेली ते तिला आवाजावरून कळावे, अशी त्याची युक्ती होती. चेष्टेने तो म्हणाला, "आता पोरगी चालाला लागली का ठान्यापतूर ऐकू येल."

तुळसाने मला धरले तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. तिचे तळवे ओले होते. ती माझ्या दांडीला लोंबकळली, कुल्ले वर उचलले, पुन्हा बसली, पुन्हा उठली. चार दिवसांत ती माझ्या आधाराने उभी राहू लागली. पाऊल मात्र उचलत नव्हती. उभी राहून मला नुसती मागेपुढे हलवायची आणि टकटक झाली की पडवीत रंधा मारणाऱ्या बापाकडे बघायची. तो हातातले काम टाकून यायचा. तिला वाटे, टकटक केली की बा येतो. मलाही तेच वाटू लागले होते.

त्याच सुमारास, दिवाळीनंतर, लक्ष्मीचा भाऊ गुणाजी मुंबईहून आला. तो तिथे धान्याच्या गोदामात हमाली करी. मुंबईत एक नवाच ताप आला होता. काखेत नाहीतर जांघेत गाठ येई आणि धडधाकट माणूस बघता बघता आडवा होई. वैद्यांना नाव सांगता येत नव्हते, म्हाताऱ्यांना आठवत नव्हता. मुंबईची माणसे बोचकी बांधून आगगाडीने कल्याणकडे पळत होती. पुढे पुढे कल्याणच्या स्टेशनात उतारूंना रांगेत उभे करून त्यांच्या काखा तपासू लागले. गुणाजी त्याआधीच आला होता. बरोबर पांघरायची एक घोंगडी होती आणि डाव्या काखेत गाठ होती. ती त्याने कोणाला दाखवली नाही.

त्यानंतर घरात एक चमत्कार झाला. उंदीर आपणहून मरू लागले. आढ्यावरून एक उंदीर पटकन माझ्याजवळ पडला, गरगर फिरला आणि निपचित झाला. मग भाताच्या कणगीमागे आणखी सापडले. लक्ष्मीने ते केरसुणीने गोळा करून उकिरड्यावर टाकले आणि शेजारणीला कौतुकाने सांगितले. शेजारीणही खूश झाली, तिच्या घरातही उंदीर पडले होते. नवे भात घरात आलेले आणि खाणारे उंदीर फुकटात मेले, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला असेच सगळ्यांना वाटले. मित्रांनो, आज तुम्हाला हे ऐकून काटा येईल. पण तेव्हा गावात एकही माणूस असा नव्हता की ज्याला त्याचा अर्थ कळला असता.

गुणाजी त्याच आठवड्यात गेला. मग शेजारीण गेली, आणि तिच्या पलीकडच्या घरातले दोघे.

गावाचा पाटील होता नाथा. माणूस वाईट नव्हता. ज्याच्या गावात रोज तिरडी उठते त्या पाटलाला झोप कुठून लागणार? त्याच्या आठवणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ येऊन गेलेली होती. पटकी आली की गाव मरीआईचा गाडा काढी. लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, हिरवे लुगडे, बांगड्या, नारळ ठेवायचा, दुखणेकऱ्याचा एखादा कपडाही ठेवायचा, म्हणजे दुखणे त्याच्यासोबत जाते. मग वाजतगाजत गाडा शिवेवर न्यायचा आणि मागे वळून न बघता परत यायचे. शेजारच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा. असे करत देवी दूर निघून जाई. रोग नवा होता, पण गावाजवळ औषध जुनेच होते.

अडचण एकच होती. गाडा सुताराने करायचा, आणि सुताराच्या घरी तर गुणाजीचे सुतक! सुतकातल्या माणसाने देवीच्या गाड्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या गावचा सुतार यायला तयार नव्हता. आणि थांबायला वेळ नव्हता, कारण नाथाचा स्वतःचा थोरला मुलगा तापाने फणफणला होता. तेव्हा नाथा अंगणात आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"परश्या, यो गाडा सुतकाच्या आदी केलेला हाय ना?"

"हाय. पन तो पोरीचा हाय, पाटील. आता कुठं उबी रावाला लागलीय."

"गोमूत्र शिपडू नि नेऊ. तुजे पोरीपक्षा गाव मोठा नाय काय रं?"

तुळसा तेव्हा माझी दांडी धरूनच उभी होती. परशुरामाने तिची बोटे एकेक करून सोडवली. ती रडायला लागली तशी तो तिला म्हणाला, "रडू नको. सुतक फिटला का मी तुना दुसरा करीन. याच्यापक्षा चांगला करीन." लक्ष्मी दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला, पण पाटलापुढे ती तरी काय बोलणार? मला तेव्हा परशुरामाचा फार राग आला. ज्याने मला घडवले त्यानेच मला देऊन टाकले, असे वाटले. आज राग नाही. गावातली माणसे मरत असताना आपली वस्तू कवटाळून बसणारा माणूस तो नव्हता.

मला शेंदूर फासला. मध्ये लाकडाची देवी बसवली, तिच्यापुढे लिंबे आणि बांगड्या ठेवल्या, आणि देवीच्या मागे गुणाजीची घोंगडी घडी करून कोंबली. त्या घोंगडीत काहीतरी बारीक वळवळत होते, टणाटण उड्या मारत होते. पिसवाच त्या, दुसरे काय असणार? तेव्हा घोंगडीत पिसवा असणे ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. मिरवणुकीच्या पुढे ठमाबाई होती. ही गावातली धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी म्हातारी. देवाधर्माच्या बाबतीत तिचा शब्द पाटीलसुद्धा मोडत नसे. ढोल वाजत होता. त्यातूनही माझी टकटक ऐकू येत होती, आणि गावाच्या टोकाच्या घरातून तुळसाचे रडणे.

शिवेवर मला सोडून सगळे परत फिरले. रीतीप्रमाणे कोणी मागे वळून पाहिले नाही. मी मात्र त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिलो.

मित्रांनो, एकटेपणा म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळले. माणसे मला भीत, पण पूजा करत. माझ्यापुढे नारळ फोडत, पण माझ्या दांडीला हात लावत नसत. लांब बांबूने मला पुढे रेटत. माझी टकटक गावात ऐकू आली की दारे धडाधड लागत आणि आया मुलांना आत ओढत. ज्या आवाजाने एक आई निर्धास्त व्हायची, त्याच आवाजाने आता गावेच्या गावे हादरत होती. मला तोंड असते तर ओरडून सांगितले असते की अरे, मी लहान मुलांचा गाडा आहे, मला कशाला भिता! पण मी ज्या वाटेने जाई त्या वाटेवर दुसऱ्या दिवशी गवत कापायलाही कोणी येत नसे.

कल्याणच्या पुढच्या एका गावच्या शिवेवर मी दोन दिवस पडून होतो. पौषाची थंडी होती. एक म्हातारी मोळीवाली तिथून चालली होती. अंगावर धड लुगडे नव्हते. ती माझ्यापाशी थांबली, देवीला हात जोडले आणि म्हणाली, "आये, तुला काय थंडी वाजत नाय. मना वाजतंय." आणि तिने गुणाजीची घोंगडी ओढून काढली, खांद्यावर घेतली. इतक्या दिवसांत माझ्याशी माणसासारखे बोललेली ती पहिलीच. म्हणून तिचे जाणे माझ्या जिवाला फार लागले. तिच्या गावात लवकरच ताप आला, आणि पहिल्यांदा ती गेली. लोकांनी खापर माझ्यावर फोडले. कल्याणच्या स्टेशनात माणसांच्या काखा तपासत होते, पण गाड्यातल्या घोंगडीला कोणी विचारले नव्हते.

त्या गावाने मला घाईघाईने पुढे लोटले. असा मी टिटवाळ्याकडे पोचलो. पुढे नदी होती आणि होडीवाला मला पलीकडे न्यायला काही केल्या कबूल होईना. "देवी होडीत बसली नि मी बुडालो तर?" म्हणाला. तेव्हा तिथल्या लोकांनी मला नदीच्या काठाकाठाने दुसऱ्या वाटेला लावले. त्या वाटेवरची गावेही मला पुढे पुढे ढकलत गेली. प्रत्येकाला वाटे, आपल्या शिवेपलीकडे गेला की सुटलो. पण जमीन गोल असो की सपाट, गावाला लागून गाव असतेच. शिमगा जवळ आला तेव्हा ढकलत ढकलत मी ज्या शिवेवर आलो, तिथली चिंच मी ओळखली. मी निघालो होतो त्याच गावी परत आलो होतो. फक्त आता दुसऱ्या बाजूने.

आणि शीव ओसाड राहिली नव्हती. सरकारी हुकमाने गाव रिकामे केले होते. घरांची कौले काढून आत ऊन घेतले होते आणि सगळे लोक शिवेवरच्या माळावर पेंढ्याच्या झोपड्यांत राहायला आले होते. मला सोडायला आलेले लोक आपले काम उरकून पळाले, आणि झोपड्यांतून एकच हाकाटी झाली, "गाडा आला! गाडा परत आला!"

नाथा पाटील काठी घेऊन धावत आला. त्याचा थोरला मुलगा वाचला नव्हता, हे मला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळले. त्याने मला पुढच्या गावाकडे रेटायला माणसे काढली, तर त्या गावाचे लोक लाठ्या घेऊन आधीच उभे. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. मी चिंचेखाली तसाच राहिलो.

माझ्यासारखीच तिथे आणखी एक होती. सगळ्या झोपड्यांपासून लांब, एकटीच एक झोपडी होती. त्यात लक्ष्मी आणि तुळसा राहत होत्या. परशुराम सुतक फिटायच्या आधीच गेला होता. रोग पहिल्यांदा लक्ष्मीच्या भावाने आणला म्हणून गावाने तिच्याशी बोलणे टाकले होते. तिला कोणी चुलीला विस्तवसुद्धा देत नसे. घर फिरले की घराचे वासे फिरतात म्हणतात, ते खरेच. तुळसा दारात बसून असायची. ती आता अडीच वर्षांची होत आली होती आणि अजून बसल्या बसल्याच सरकत होती.

तिने मला पाहिले. मी शेंदराने माखलो होतो, उन्हाने तडकलो होतो, पण तिने ओळखले. ती सरकत सरकत माझ्याकडे निघाली. लक्ष्मी धावली आणि तिला उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली आणि पुन्हा उचलली गेली. मी मनात म्हणत होतो, येऊ नको पोरी. आणि मित्रांनो, खरे सांगतो, त्याच वेळी मनात म्हणत होतो, ये.

मग एके दुपारी लक्ष्मी पाणी आणायला गेली असताना तुळसा माझ्यापर्यंत पोचली. माझी दांडी धरली. उठली. उभी राहिली आणि मला मागेपुढे हलवू लागली. टकटक, टकटक. सगळ्या माळावर तो आवाज गेला. माणसे धावत आली आणि लांबच थांबली.

"पोरीला सोडव गो!" नाथा ओरडला. "देवीचा गाडा हाय तो! कोप होल सगल्यांवर!"

लक्ष्मी कळशी टाकून आली होती. तुळसा आपल्या पायांवर उभी आहे हे तिने पाहिले. पोरीला तशीच राहू द्यावे की सोडवावे, हे लक्ष्मीला कळेना. माझ्यावर देवी होती, दुखणे होते, आणि माझी दांडी तिच्या नवऱ्याने घासलेली होती. पोर पांगळी राहिली तर विधवेच्या पोरीला पुढे कोण विचारणार? आणि पोरीला ताप आला तर? तुळसा माझ्यामागे वाकून बघत होती. कोणीतरी दिसेल म्हणून वाट बघत होती. मग तिने आईला विचारले, "गाडा आला. बा कुटं हाय?"

लक्ष्मीने डोळे पुसले आणि ती गावाकडे वळली. "पाटील, तुमी आईला गावोगाव हाकलली, म्हनून ती परत आली. तिला माजे दारान बसू दे. मना आता कोन हाय तिच्याबिगर? पन यो गाडा माजे पोरीचा हाय. माजे धन्याने केलाय."

तेव्हा ठमाबाई काठी टेकत पुढे आली. "आमी पावन्याला हाकलत नाय, नि आईला हाकलली," ती म्हणाली. "चुकला आमचा." तिने देवी उचलली आणि चिंचेच्या बुंध्याशी एका दगडावर बसवली. "नाथा, आजपासून ही हितंच. हिला कुटं धाडायची नाय." नाथाने काठी खाली टाकली आणि देवीला हात जोडले.

मग लक्ष्मीने माझ्यावरची लुगडी, फुले, दोऱ्या, सगळे जाळात टाकले. झोपड्यांवर येणारा सरकारी माणूस सांगे तसे मला कढत पाण्याने धुतले, आणि पुन्हा धुतले, आणि होळी होईपर्यंत उन्हात पालथे घातले. शेंदूर मात्र पुरता निघाला नाही. तो अजून माझ्या फटींत आहे. जाळाला आणि पाणी तापवायला लागलेला विस्तव ठमाबाईने आपल्या चुलीतला आणून दिला, आणि तिच्यामागून आणखी दोघी जणी आल्या.

आजार हत्तीच्या पायाने येतो आणि मुंगीच्या पायाने जातो. ऊन तापले तसा तो हळूहळू ओसरला. तेवढ्या दिवसांत तुळसाने पहिले पाऊल टाकले, मग दुसरे. गावाला घरी परतायची परवानगी मिळाली त्या दिवशी ती मला धरून आईच्या पुढे चालत निघाली. माळावरून गावात शिरताना पहिले घर सुताराचेच. घराला कौले नव्हती, पडवीत रंधा गंजून पडला होता. तुळसा दारापाशी थांबली आणि मला मागेपुढे हलवू लागली. टकटक, टकटक. मग आत बघत उभी राहिली. पुन्हा हलवले, या वेळी जरा जोरात. लक्ष्मी उंबऱ्यावर बसली. मित्रांनो, नवरा गेला तेव्हा तिच्याजवळ रडायला कोणी आले नव्हते. ती त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि शेजारच्या बायका तिच्याजवळ येऊन बसल्या.

तो ताप पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. पण आमच्या गावाने पुन्हा गाडा काढला नाही. उंदीर पडला की लोक घर सोडून माळावर जात आणि आजाऱ्याजवळ कोणीतरी राही. तुळसानंतर माझ्या दांडीला गावातली पुष्कळ मुले लोंबकळली. नाथा पाटलाचा नातूही माझ्यावरच चालायला शिकला. त्याला नाथाने स्वतः आणून माझ्यापाशी उभे केले होते, आणि त्याची बोटे एकेक करून माझ्या दांडीवर ठेवली होती.

आता मी तुळसाच्या सासरी माळ्यावर आहे. धुळीने माखलो आहे, एक चाक किडले आहे. बोलायला कोणी नाही म्हणून तुमच्याशी बोललो. माझी विनंती एवढीच आहे. दुखणे आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या शिवेवर नेऊन टाकू नका, ते फिरून येते. आणि ज्याच्या घरी दुखणे आहे त्याला विस्तव नाकारू नका. माझी फारशी काळजी करू नका. कोणाच्या घरी एखादे मूल उभे राहायला धडपडत असेल, तर मला खाली काढा, पुसा आणि त्याच्या हाती द्या. पुढचे चाक अजून शाबूत आहे. मी टकटक करत तुमच्या दाराशी येईन, मित्रांनो. तेवढे दार लावून घेऊ नका.